वावडे

मराठीत 'वावडे' हा एक जुना, घरगुती शब्द आहे. एखाद्या पदार्थाने कोणाच्या अंगावर गांधी उठतात, कोणाचे ओठ सुजतात, कोणाचा दमा उसळतो; अशा माणसाला त्या पदार्थाचे वावडे आहे, असे म्हणण्याची रीत आहे. पण हाच शब्द आपण थट्टेच्या सुरातही वापरतो. आळशाला कामाचे वावडे असते, पुढाऱ्याला सत्याचे. पुढे 'ॲलर्जी' हा परका शब्द आला आणि त्याचीही तीच गत झाली. नावडत्या नातेवाइकाची 'ॲलर्जी' असल्याचे आपण हसत हसत सांगतो.

शब्दाच्या या दुहेरी वापरात एक खरा धोका दडलेला आहे. पंगतीत ज्याला एखादा पदार्थ केवळ आवडत नाही तो, आणि त्या पदार्थाने ज्याचा घसा बंद होऊ शकतो तो, असे दोघेही एकाच वाक्याने नकार देतात: 'मला ते चालत नाही.' आणि वाढणारा दोघांनाही सारख्याच प्रेमाने म्हणतो, 'अहो, एका घासाने काय होते?'

एका घासाने काय होते, हे समजून घेण्यात वैद्यकाची शे-दोनशे वर्षे गेली. तीव्र वावडे असलेल्या रोग्याला डॉक्टरांनी, परिचारिकांनी, औषधविक्रेत्यांनी आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, या आजच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या इतिहासात सापडते. बहुतेक रोगांत रोगी वैद्याकडे जातो आणि वैद्य उपाय करतो. या रोगात मात्र संकट येते तेव्हा वैद्य बहुधा तेथे नसतो. ते लग्नाच्या मांडवात येते, शाळेच्या डब्याशी येते, विमानात येते. म्हणून या रोग्याला आधार देणे म्हणजे आपल्या गैरहजेरीची तयारी करणे होय. हे वैद्यकाला सहजासहजी उमगलेले नाही.

या कथेचा आरंभ रोग्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यापासून होतो. आणि गंमत अशी की पहिला विश्वासार्ह रोगी स्वतः डॉक्टरच होता. १६ मार्च १८१९ रोजी जॉन बॉस्टॉक यांनी लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे एक निबंध वाचला. दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरणे, शिंकांची सरबत्ती, छातीत कोंडणे अशा तक्रारी असलेल्या 'जे. बी.' नामक ४६ वर्षांच्या रोग्याचे त्यात वर्णन होते. तो रोगी म्हणजे ते स्वतःच. १८२८ साली त्यांनी अशा २८ रोग्यांची हकीकत मांडली. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी, तेही याच विकाराचे धनी, परागकण स्वतःच्या नाकात व त्वचेवर लावून पाहिले, हवेतले पराग मोजण्यासाठी पतंग उडवले, आणि १८७३ च्या ग्रंथात या विकाराचे कारण गवताचे पराग होत हे सिद्ध केले.

या दोन उदाहरणांतून एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. रोगी डॉक्टर नसता तर त्याचे कोणी ऐकले असते काय? ज्या कारणाने इतर शंभर जणांना काहीही होत नाही, त्याने आपल्याला होते, असे सांगणाऱ्या माणसाला जग नाजूक प्रकृतीचा, नखरेल, फार तर मनाचा रोगी समजते. बॉस्टॉक व ब्लॅकली यांना स्वतःच्या देहाची साक्ष होती. ज्यांना ती नाही अशा वैद्यांनी दुसऱ्याच्या देहाची साक्ष मानावी, ही या रोग्यांची पहिली मागणी आहे.

दुसरा धडा वैद्यकाच्या स्वतःच्या सुईने शिकवला. १८९० च्या दशकात घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष आले आणि अनेक मुलांचे प्राण वाचले. या कामासाठी एमिल फॉन बेहरिंग यांना १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. पण १८९६ साली बर्लिनमध्ये एका रोगनिदानतज्ज्ञाच्या तान्ह्या मुलाला रोग होऊ नये म्हणून हे प्रतिविष टोचले, आणि ते मूल काही मिनिटांतच दगावले. औषध शुद्ध होते, हेतू निर्मळ होता. मग झाले काय?

उत्तराचा धागा एका जहाजावर सापडला. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या सागरी मोहिमेत शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे दोघे समुद्री प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना थोडेथोडे टोचून त्यांच्यात प्रतिकारशक्ती आणण्याचा घाट घातला. 'नेपच्यून' नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिल्या वेळी काहीच झाले नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये तीच अल्प मात्रा पुन्हा दिली, तेव्हा त्याला धाप लागली, तो कोसळला आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. रक्षणासाठी केलेल्या उपायाने रक्षणाच्या नेमके उलट घडवले होते. त्या अर्थाचा ग्रीक शब्द रिशे यांनी घडवला: ॲनाफिलॅक्सिस. १९१३ साली त्यांना नोबेल मिळाले. दरम्यान व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के व बेला शिक यांनी प्रतिविष टोचलेल्या मुलांना होणाऱ्या ताप-पुरळाचा काळजीपूर्वक माग काढला होता. दुसऱ्यांदा टोचले की त्रास लवकर व अधिक जोराने होतो हे त्यांच्या ध्यानात आले. देहाच्या या 'बदललेल्या वागणुकीला' पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हे नाव दिले.

या शोधाचा व्यवहारातला अर्थ असा की पूर्वी काही झाले नाही म्हणून यापुढेही होणार नाही, असे मानता येत नाही. आणि पूर्वी काही झाले असेल तर ते विचारून नोंदवल्यावाचून सुई हाती घेता येत नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील डॉक्टरांना हा धडा पुस्तकी वाटणार नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावरील आपले सर्पविषरोधक औषध आजही घोड्याच्या रक्तापासूनच बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव त्याच्याशी अनेक दशके जोडलेले आहे. ते प्राण वाचवते आणि कधी कधी तेच ॲनाफिलॅक्सिस घडवते. पूर्वी ते त्वचेत थोडेसे टोचून चाचणी घेण्याचा प्रघात होता. ती चाचणी पुढील प्रतिक्रियेचे भाकीत करत नाही असे आढळल्यावर भारतातील उपचारपद्धतीतून ती वगळण्यात आली. श्रीलंकेत एक हजाराहून अधिक रोग्यांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की आधी ॲड्रेनालिनची अल्प मात्रा दिल्यास तीव्र प्रतिक्रिया लक्षणीय प्रमाणात घटतात. सर्पदंशाच्या खाटेशेजारी ॲड्रेनालिन आधीच भरून ठेवलेले असणे, ही शंभर वर्षांच्या अनुभवाची कमाई आहे.

ॲड्रेनालिनचा उल्लेख आला आहे तर त्याची कथा सांगितली पाहिजे, कारण तीच या इतिहासातील सर्वांत दुःखद विसंगती आहे. जोकिची ताकामिने व त्यांचे सहकारी केइझो उएनाका यांनी हे द्रव्य १९०० च्या सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळे केले. म्हणजे ॲनाफिलॅक्सिसला नाव मिळण्याआधीच त्यावरचा उपाय बाटलीत भरलेला होता! तो उपाय वेळेवर देण्याची सवय मात्र अद्याप पुरती लागलेली नाही. ब्रिटनमधील रिचर्ड पम्फ्री यांनी १९९२ ते १९९८ या काळातील तेथील ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा धांडोळा घेतला आणि २००० साली तो प्रसिद्ध केला. श्वास वा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ औषधाच्या प्रतिक्रियेत ५ मिनिटे, कीटकदंशात १५ मिनिटे आणि अन्नाच्या प्रतिक्रियेत ३० मिनिटे होता. मृतांपैकी ६२ टक्क्यांना ॲड्रेनालिन दिले गेले होते खरे. पण श्वास वा हृदय थांबण्यापूर्वी ते केवळ १४ टक्क्यांनाच मिळाले होते.

उशीर का होतो? एक कारण म्हणजे भीती. ॲड्रेनालिन हे 'मोठे' औषध, ते शेवटी द्यायचे, अशी समजूत. दुसरे कारण म्हणजे एक सौम्य पर्याय हाताशी असणे. दानिएल बोव्हे यांनी १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हिस्टामिनविरोधी औषधांचा मार्ग खुला केला. १९५७ च्या नोबेलमागे हेही काम होते. शिंका, खाज, गांधी यांवर ही औषधे गुणकारी आहेत, आणि 'एव्हिल' हे नाव तर आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. पण घसरणारा रक्तदाब व आवळणारी श्वासनलिका यांना त्यांचा उपयोग नाही. खाज थांबली म्हणून संकट टळले असे रोग्याला व डॉक्टरला दोघांनाही वाटते, आणि मोलाची मिनिटे निघून जातात. कोठे टोचावे हेही उशिराच स्पष्ट झाले. कॅनडातील एस्टेल सायमन्स यांनी १९९८ साली मुलांवरील अभ्यासात दाखवले की मांडीच्या स्नायूत टोचलेले ॲड्रेनालिन रक्तात सरासरी ८ मिनिटांत शिखर गाठते, तर कातडीखाली टोचलेल्याला ३४ मिनिटे लागतात. आजचा सर्वमान्य नियम असा: शरीराच्या दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढास फार तर ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत, आणि लगेच. पम्फ्री यांनीच २००३ साली आणखी एक साधी, पण जीवघेणी चूक दाखवून दिली. काही रोगी आडवे असताना तग धरून होते आणि त्यांना उठवून बसवताच गेले. 'जरा उठून बसा, बरे वाटेल' हे आपले मायेचे वाक्य येथे घातक ठरते. रोग्याला आडवे ठेवून पाय उंच करावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये वा चालवू नये.

तीस मिनिटांत, पाच मिनिटांत डॉक्टर पोहोचणार कसा? येथे आमच्या मूळ मुद्द्याकडे वळतो. डॉक्टर पोहोचत नाही, म्हणून त्याचे ज्ञान पोहोचले पाहिजे. ही गोष्ट ज्यांना प्रथम उमगली त्यांत कॅलिफोर्नियातील टर्लॉक या लहानशा गावचे डॉ. मेरियन कॉलिन्स हे एक होते. १९५३ साली त्यांच्या मुलीच्या बोटाला जखम झाली. धनुर्वाताच्या प्रतिविषाची नेहमीप्रमाणे थोडीशी चाचणी घेतली, आणि तेवढ्यानेच ती मरणाच्या दारात गेली. मुलगी वाचली. पण आईबापांच्या मनात प्रश्न राहिला की उद्या आपण जवळ नसताना ही बेशुद्ध पडली, तर परक्या डॉक्टरला हे कोण सांगणार? त्यांनी तिच्या कंकणाला एक चिठ्ठी बांधली. चिठ्ठीची पुढे धातूची पट्टी झाली, आणि १९५६ साली त्यातून 'मेडिकअलर्ट' ही संस्था उभी राहिली. बोलू न शकणाऱ्या रोग्याच्या वतीने ते कंकण बोलते.

चिठ्ठी बोलेल, पण औषध कोण टोचणार? रासायनिक युद्धातील विषवायूवर सैनिकाला स्वतःच उतारा टोचून घेता यावा म्हणून शेल्डन कॅप्लन या अभियंत्याने आपोआप टोचणारी लेखणीवजा सुई घडवली होती. तिच्यातूनच ॲड्रेनालिनची 'एपिपेन' जन्माला आली व १९८७ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. २०२४ साली तेथेच नाकात फवारण्याच्या ॲड्रेनालिनलाही मान्यता मिळाली आहे. युद्धभूमीवरून शाळेच्या दप्तरात आलेल्या या लेखणीने रोगी व डॉक्टर यांचे नातेच बदलले. पण लेखणी दिली म्हणजे लिहिता येते असे नाही. रिकाम्या सरावाच्या सुईने रोग्याकडून, त्याच्या आईकडून, शिक्षकाकडून ती कृती करवून घ्यावी लागते. कोणती लक्षणे दिसताच वाट न पाहता टोचायचे आणि त्यानंतर कोणाला बोलवायचे, हे एका पानावर, त्यांच्या भाषेत लिहून द्यावे लागते. पहिला जोर ओसरल्यावर काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, म्हणून बरे वाटले तरी रुग्णालयात जायचे हेही सांगावे लागते. ज्याला अशी लेखणी परवडत नाही वा मिळत नाही, त्याच्यासाठी काय योजना, हा प्रश्न तर आपल्या देशात प्रत्येक डॉक्टरने स्वतःला विचारावा असा आहे.

आणि तरीही लेखणी पुरत नाही. २०१६ साली लंडनहून नीसला निघालेल्या विमानात नताशा एडनान-लपरूज ही पंधरा वर्षांची मुलगी पावाचा एक तयार पदार्थ खाऊन कोसळली. तिच्याजवळ ॲड्रेनालिन होते, वडिलांनी ते दोनदा टोचले, तरी ती वाचली नाही. पावाच्या पिठात तीळ होते, पण वेष्टनावर तसे लिहिलेले नव्हते. तेव्हाच्या नियमानुसार दुकानातच बनवलेल्या पदार्थावर प्रत्येक वेष्टनागणिक ते लिहिणे सक्तीचे नव्हते. आईवडिलांच्या प्रयत्नांतून नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तो लागू झाला. भारतातही २०२० च्या नियमांनी वेष्टित अन्नावर शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन आदी घटकांचा उल्लेख आवश्यक केला आहे. परंतु हलवायाच्या परातीला आणि शेजारच्या काकूंनी आणून दिलेल्या डब्याला वेष्टन नसते.

इथवरचा इतिहास हा सांगण्याचा व देण्याचा झाला. पण याच इतिहासाला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. डॉक्टरांनी जे ठामपणे सांगितले ते प्रत्येक वेळी खरे नव्हते. मधमाशीच्या दंशाने ज्यांचा जीव धोक्यात येई त्यांना १९३० च्या सुमारापासून कीटकाच्या संपूर्ण शरीराचा अर्क टोचून 'संरक्षण' दिले जात असे. १९७८ साली अमेरिकेत शुद्ध विष, तो अर्क व निव्वळ फसवे औषध यांची तुलना झाली, तेव्हा शुद्ध विषाच्या उपचाराने रक्षण होते आणि अर्क हा फसव्या औषधाहून सरस नाही, असे दिसून आले. जवळजवळ अर्धे शतक रोगी खोट्या आश्वासनावर फुलबागेत हिंडत होते.

शेंगदाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९८ साली ब्रिटनमध्ये व २००० साली अमेरिकेत तज्ज्ञांनी सल्ला दिला की ज्या घराण्यात वावड्याची प्रवृत्ती आहे तेथील बालकांना सुरुवातीची तीन वर्षे शेंगदाणा देऊ नये. २००८ साली एका तुलनेत आढळले की ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याचे वावडे इस्राएलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे. आणि इस्राएलमध्ये तर बाळे शेंगदाण्याचा खाऊ चघळतच मोठी होतात. यावरून गिडिअन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४० बालकांवर प्रयोग केला. २०१५ साली निष्कर्ष आला: ज्यांना शेंगदाण्यापासून दूर ठेवले त्यांच्यापैकी १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी वावडे होते, ज्यांना लहानपणापासून नियमित दिला त्यांच्यापैकी ३.२ टक्क्यांना. भीतीपोटी केलेल्या वर्जनाने भीती खरी केली होती. (ज्या बाळाला आधीच तीव्र इसब वा अंड्याचे वावडे आहे, त्याला हा प्रयोग घरच्या घरी करू नये, तज्ज्ञाला विचारूनच करावा.)

तिसरे उदाहरण पेनिसिलिनचे. त्याने ॲनाफिलॅक्सिस होऊन मृत्यू आल्याची नोंद १९४९ सालीच झाली, आणि धास्ती घेणे रास्तही होते. पण लहानपणी औषध चालू असताना पुरळ उठले, एवढ्यावरून 'पेनिसिलिनचे वावडे' असा शिक्का बसलेली माणसे आज असंख्य आहेत. अमेरिकेत सुमारे दहा टक्के रोग्यांच्या कागदावर हा शिक्का असतो, आणि रीतसर तपासणी केली तर त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिकांना ते औषध चालते. खोटा शिक्काही निरुपद्रवी नसतो. त्यामुळे योग्य औषध टळते आणि अधिक महाग वा अधिक त्रासाचे औषध वाट्याला येते. तेव्हा रोग्याचे ऐकावे, लिहून घ्यावे आणि पुढे कधीतरी ते तपासूनही पाहावे. विश्वास व तपासणी यांत विरोध नाही. १९२१ साली ब्रेस्लाउमध्ये हाइन्झ क्युस्टनर यांना मासा खाल्ल्याने त्रास होई, पण त्यांच्या त्वचेवर चाचणी काहीच दाखवीना. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनित्झ यांनी 'म्हणजे तुम्हांला काही नाही' असे म्हटले नाही. त्यांनी क्युस्टनर यांचा रक्तद्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तेथे गांधी उठली. रोग्याचे म्हणणे त्यांनी स्वतःच्या अंगावर तपासून पाहिले. त्या रक्तात दडलेले द्रव्य पुढे १९६० च्या दशकात हाती लागले व 'इम्युनोग्लोब्युलिन ई' म्हणून ओळखले गेले.

या सगळ्यातून आमच्याकडच्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी घ्यावे असे काय? प्रश्न विचारताना घराची भाषा वापरावी, असे आम्ही प्रथम म्हणू. 'शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का' याने भागत नाही. कोशिंबिरीतले कूट, भाजीतले दाणे, चटणी, उपासाची खिचडी, संक्रांतीचा तिळगूळ, असे पदार्थागणिक विचारावे लागते. कारण मराठी स्वयंपाकघरात शेंगदाणा व तीळ दिसेनासे होऊन वावरतात. मग केवळ रोग्याशी नव्हे, तर जी वाढते तिच्याशी बोलावे, सासूशी, आजीशी. सून मुलाचे उगीच लाड करते, असे घरात बोलले जात असेल, तर डॉक्टरच्या तोंडचे एक स्पष्ट वाक्य औषधाच्या चिठ्ठीइतके मोलाचे असते. आणि शेवटी, सतत दबा धरून बसलेल्या भीतीबद्दल विचारावे. दर घासाला संशय घेत जगणाऱ्या मुलाला, त्याच्या आईला, जे वर्ज्य आहे त्याची यादी तर हवीच; पण जे निर्धास्तपणे खाता येईल त्याचीही हवी.

'वावडे' या शब्दाची थट्टा आता भाषेतून जाणार नाही, आणि जावी असा आमचा आग्रहही नाही. पण पंगतीत कोणी हात आडवा धरला तर वाढणाऱ्याने क्षणभर थांबावे, इतके तरी या दोनशे वर्षांनी आपल्याला शिकवायला हवे. एका घासाने काय होते, हे आता माहीत नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.